आईच्या लुगड्यांची गोधडी

प्रश्न : आई गेली. तिची सुती नऊवारी लुगडी आहेत. नातवंडांसाठी गोधडी कशी शिवावी? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आधी खळ पूर्ण धुऊन काढा, कसर (कापड खाणारी कीड) खळीवरच येते. कोकणच्या दमट हवेत कापड ओलसर राहिलं तर आतून बुरशी धरते, म्हणून पावसाळा संपल्यावरच शिवायला घ्या. एक लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे एकावर एक ठेवले की एकट्याची गोधडी होते. विरलेले तुकडे आत, धड वर. मधून कडेकडे कच्चे टाके घाला, नाहीतर चुण्या पडतात. मग दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी. रेशमी लुगडं यात मुळीच मिसळू नका. काठ मात्र जपा, चहूबाजूंनी तेच लावा. मुलं आजीला त्यांवरूनच ओळखतील.