मिसिसागातल्या फ्लॅटमध्ये आजारी केळीची कुंडी ठेवून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत जळगावकडच्या केळीच्या पट्ट्यातल्या रावेरहून कॅनडातल्या मिसिसागाला येताय, जे मराठी कुटुंब फ्लॅट सोडतंय त्यांची केळीची कुंडी तिथेच राहणार आहे, आणि फोटोत तिची पानं पिवळी, पोंगा (मधलं गुंडाळलेलं नवं पान) तपकिरी दिसतोय. ती ठेवून घ्यावी, की फेकायला सांगून गावाकडून एखादं पील (बुडाशी फुटलेलं पिल्लू-रोप) बॅगेत घालून आणावं?

ताई, पील अजिबात आणू नका. भारतातून लागवडीचं रोप कॅनडात आणायचं तर इथला आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी (रोप कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. कंदाला चिकटलेली माती तर चालतच नाही. लपवून आणलेलं सापडलं तर जप्ती आणि वर दंड. पनामा मर हा केळी वाळवणारा बुरशीचा रोग पिलांतून आणि मातीतूनच पसरतो, हे रावेरच्या माणसाला मी काय सांगायचं!

आता कुंडीचं. पानं बघून काहीच ठरवू नका. केळीचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. वाढीचा कोंब खाली कंदात असतो, निसवायची, म्हणजे घड बाहेर पडायची वेळ आली की मगच तो खोडातून वर चढतो. त्यामुळे वरचं सगळं वाळलं तरी झाड जिवंत असू शकतं. त्या कुटुंबाकडून बुडाचा फोटो मागवा आणि मातीलगत खोड अंगठ्याने दाबून बघायला सांगा. टणक लागलं तर बिनधास्त घ्या. बोट आत जात असेल, मातीला आंबूस वास असेल, तर बाजूला एखादं घट्ट पील आहे का तेवढं विचारा. तेही नसेल तर नाद सोडा.

कुंडी आधी दुसऱ्या घरी नेऊन मग तुमच्याकडे आणायचा बेत असेल तर तो मोडून काढा. उणे दहामध्ये इमारतीच्या दारापासून गाडीपर्यंत उघडी नेली तरी पानं काळी पडतात. न्यायचीच झाली तर जुनी चादर आणि वरून मोठी प्लास्टिकची पिशवी, आणि गाडी आधी गरम करून ठेवायची.

आल्यावर पहिलं काम सुरीचं. पोंगा तपकिरी आहे म्हणजे गाभा वरून कुजत आला असणार. धारदार सुरी पुसून घ्या आणि खोड वरून आडवं, दोन-दोन बोटांच्या चकत्या काढत खाली कापत या. मधोमध तपकिरी ठिपका दिसतोय तोवर कापत राहा. पांढरा, ओलसर, घट्ट गाभा लागला की थांबा. (जुने कपडे घाला, केळीचा चीक इथल्या साबणानेही जात नाही.) मग रोज वरून बघा. बाहेरची वर्तुळं सुकत जातात आणि मधलं फिकट हिरवं वर्तुळ कापलेल्या पातळीच्या वर सरकतं. उबेत दोन-तीन दिवसांत कळतं, थंड खोलीत आठवडाही लागतो. ते सरकलं की झाड वाचलं म्हणायचं.

इथे केळ मरते ती बहुतेक वेळा पाण्याने. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम ९ तासांचा, जळगावकडे तो जवळपास ११ तासांचा. त्यात इथलं ढगाळ आकाश आणि मध्ये काच. उन्हाळ्यात आठवड्याला एक पान काढणारं झाड हिवाळ्यात महिन्याला एखादं काढतं, नाहीतर नुसतं उभं राहतं. वाढ नाही म्हणजे पाणी पीत नाही. आपल्या डोक्यात मात्र केळ म्हणजे भरपूर पाणी हे पक्कं बसलेलं. खिडकीपाशी माती गार आणि चिखल होते, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, मग तहान लागली असेल म्हणून माणूस आणखी तांब्याभर ओततो. तिकडे थंडीच्या लाटेत रात्री बागेला पाणी देतात, बांधावर शेकोट्या करतात. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा उबदार असतं म्हणून ते चालतं. इथलं नळाचं पाणी जानेवारीत बोटं बधिर करतं. तेव्हा बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच कोमट पाणी द्यायचं, आणि खालच्या ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. खत मार्चपर्यंत बंद.

कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की ऊन खोलीत आतपर्यंत येतं. पण हीटर किंवा गरम हवेचं व्हेंट बहुधा त्याच खिडकीखाली असतं. त्याच्यावर कुंडी नको, हातभर बाजूला सरकवा. दक्षिण खिडकी नसेल तर साधा एलईडी ग्रो लाइट टायमरवर रोज १२ ते १४ तास लावा. खोली २० अंशांच्या आसपास असली की पुरे. १४ च्या खाली केळ जवळपास थांबतेच.

हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते आणि लाल कोळी ही पानातला रस शोषणारी बारीक कीड येते. पानावर बारीक फिके ठिपके दिसले की पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालायला लागले तर तोच. झाड बाथरूममध्ये न्या, मातीवर पिशवी बांधा आणि शॉवरखाली पानं खालून-वरून धुवा. वर कीटकनाशक साबणाची फवारणी, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. नुसतं पाणी शिंपडून हा जात नाही.

कुंडी बदलायची ती मुळं कुजली असतील तरच. काळी, मऊ मुळं कापून उरलेल्या मुळांना बसेल एवढीच लहान कुंडी घ्या. पिशवीतली पॉटिंग मिक्स नुसती वापरली तर पाणी धरून ठेवते, त्यात तिसरा हिस्सा परलाइट (पाणी निथळू देणारे हलके पांढरे खडे) मिसळा.

बाल्कनीत कधी? इथले लोक मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेनंतर रोपं बाहेर काढतात, तुम्हीही तेव्हाच काढा. आधी आठवडाभर सावलीत, नाहीतर घरात वाढलेलं पान थेट उन्हात भाजून पांढरं पडतं. सप्टेंबरात रात्री १२ अंशांच्या खाली जायला लागल्या की परत आत.

इथे कुंडीत मिळते ती बहुधा ड्वार्फ कॅव्हेंडिश, म्हणजे आपली बसराई. फ्लॅटमध्ये घडाची आशा धरू नका, पानं मिळतील. मात्र साबण फवारलेलं पान जेवायला घेऊ नका. पहिल्या सत्यनारायणाला व्हिएतनामी किंवा फिलिपिनो दुकानातल्या फ्रीझरमध्ये केळीच्या पानांची पाकिटं मिळतात. ती आदल्या रात्री बाहेर काढून ठेवा आणि गॅसवर जरा शेकून घ्या, म्हणजे घडी घालताना चिरत नाहीत.