कासवाआधी नदीचा काठ पाहा

प्रिय तरुण मित्रास,
सप्रेम नमस्कार.

लीथच्या मऊ पाठीच्या कासवावर काम करायचे तू ठरवले आहेस, हे वाचून समाधान वाटले. मात्र कासव शोधायला निघण्याआधी काही आठवडे नुसता नदीकाठ पाहा. हे कासव आयुष्य पाण्यात काढत असले, तरी अंडी घालायला मादीला काठावरची पुराच्या वर राहणारी भुसभुशीत जमीन लागते, आणि गोदावरी, भीमा, कृष्णेच्या काठांवर नेमकी तीच झपाट्याने कमी होत आहे.

भर उन्हाळ्यात एखाद्या वाळूघाटावर जाऊन उभा राहा. पोकलेनने पात्र खरवडले की वाळूचे बेट तर जातेच, शिवाय उभा कापलेला काठ पहिल्याच पुरात ढासळतो आणि मादीला वर चढायला उतार उरत नाही. त्याच नदीवर पुढे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल, तर बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातल्यावर फुगवटा कुठवर चढतो तेही नोंदव. खाली राहिलेली घरटी त्यात बुडतात. साखर कारखान्यांची मळी आणि शहरांचे सांडपाणी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यावर वेगळे लिहीत नाही.

शिकारीचा भाग मात्र नीट समजून घे. या कासवाच्या कवचावर खवले नसतात, ताणलेली कातडी असते, आणि कडेला लवचीक कूर्चा असते; मांसाबरोबर या कूर्चेसाठीही त्याची परदेशात तस्करी झाली. तीस वर्षांत संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटल्याचा अंदाज असून त्याची गणना आता अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याला वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइटीस’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. ते आवश्यकच होते. परंतु तो करार आंतरराष्ट्रीय व्यापार रोखतो, वाळूचा डंपर रोखत नाही. (गुप्तधनासाठी ‘वीस नखांचे कासव’ शोधणारे महाभाग तुला भेटतीलच. या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखे असतात, हे त्यांना शांतपणे दाखव.)

तुझे खरे शिक्षक भोई असतील. तंगूसाच्या (नायलॉनच्या बारीक धाग्याच्या) जाळ्यात अडकलेले कासव श्वासासाठी वर येऊ न शकल्याने गुदमरते, आणि जाळे फाटल्याने भोई मामांचेही नुकसान होते. तेव्हा पहिल्याच भेटीत कायद्याची कलमे ऐकवू नकोस. जाळे कोणत्या डोहात, किती वेळ टाकले होते, एवढेच विचार. जिवंत कासव हाती आले तर ते मागच्या कडेने धर, कारण त्याची मान लांब असते आणि चावा जबर असतो. गळ घशात रुतला असेल तर ओढू नकोस. दोरी लांब ठेवून काप आणि वन विभागामार्फत पशुवैद्याकडे पोहोचव. घरटे सापडले तर अंडी उलटीपालटी करू नकोस, त्याने आतला गर्भ दगावतो.

आणखी एक. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह होईल, पण डोहाचे नाव तिथे कधीही लिहू नकोस. ते तुझ्या वहीत आणि वन विभागाच्या नोंदीत असू दे. पावसाळ्याआधी काठाची जी मोजमापे घेशील ती मला पाठव. पुराचे पाणी ओसरल्यावर त्याच जागा पुन्हा मोजून आपण दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहू.

तुझा शुभचिंतक