ट्रेलरचे टायर: नक्षी बघू नका, तारीख आणि वजन बघा (आणि बिलावर लिहून घ्या)

दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं राहायचं घर), सिंगल ॲक्सल म्हणजे दोनच चाकं, १७५/६५ आर १४ चे टायर, नक्षी भरपूर शिल्लक पण साइडवॉलला बारीक चिरा, आणि डिसेंबरात मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने दापोलीला जायचंय. तर टायर बदलावेत का, आणि दुकानदार म्हणतोय ते कारचेच टायर चालतील का, असं विचारलंयत. बदला. आणि कारचे नको. आमच्या ट्रेलरलाही नेमका हाच साइज होता, तेच बोलणं ऐकून घातलेला, म्हणून ठासून सांगतेय.

मी मेकॅनिक नाही, गुहागर तालुक्यात होमस्टे चालवते आणि घरचा ट्रेलर सांभाळते, त्यामुळे शेवटचा शब्द जाणत्या माणसाला विचारूनच. हवा, जॅक, पाना हे सगळं तुम्हाला येत असणार, ते धरून चालते.

पहिलं म्हणजे तारीख. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ही चौकट बऱ्याचदा एकाच बाजूला असते, आणि फिटिंग करताना ती आत गेली असेल तर ट्रेलरखाली आडवं पडून टॉर्च मारून बघावं लागतं, पण बघाच. ट्रेलरचा टायर झिजून जात नाही हो, तो उभ्या उभ्या म्हातारा होतो. टायरच्या रबरात चिरा पडू नयेत म्हणून मेण आणि औषधं घातलेली असतात, टायर फिरत राहिला, दबत राहिला की ती हळूहळू वर येत राहतात, पण आपला ट्रेलर जून ते सप्टेंबर एका जागी उभा, त्यात मे महिन्याचं ऊन आणि खारा वारा. म्हणून नक्षी नवीकोरी आणि बाजू फुटलेली असं होतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे उघड्यावर उभ्या ट्रेलरला पाच वर्षं झाली की टायर काढायचे, शेडमध्ये असेल तर फार तर सहा. लोक दहा वर्षं सांगतात, सांगोत. तुमच्या टायरला चिरा दिसतायत म्हणजे तारीख काहीही निघाली तरी त्यावर दापोली नको.

आता वजन. दुकानदाराचं ठरलेलं वाक्य असतं, ‘ताई, याला इंजिन नाही, ओढूनच न्यायचाय, कुठलाही टायर चालतो.’ हे साफ चूक आहे. १७५/६५ आर १४ वर साधारणपणे ८२टी असं लिहिलेलं असतं. त्यातला ८२ म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त ४७५ किलो उचलायचे, दोघांचे मिळून ९५०. आमचा ट्रेलर रिकामा ९५० किलोच्या आसपास, पण पाण्याची टाकी, बॅटरी, सिलिंडर, भांडीकुंडी, वरचा मांडव हे सगळं धरून काट्यावर भरला १२६०. त्यातले १२० हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या हूकवर गेले तरी ॲक्सलवर ११४० उरतात. म्हणजे उभा असतानाच ओव्हरलोड, आणि त्यावर खड्डे! अमेरिकेत तर नियमच आहे की कारचा टायर ट्रेलरला लावायचा तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची, त्या हिशेबाने ४७५ चे ४३२ च होतात. वर किचन आणि टाकी एका अंगाला असली तर त्या बाजूचं चाक आणखी दबतं. म्हणून ट्रेलर पूर्ण भरून, पाण्यासकट, जांभ्या दगडाचे नाहीतर वाळूचे ट्रक जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर न्या, आधी पूर्ण ॲक्सल आणि मग एकेक चाक चढवून घ्या. पावती जपून ठेवा, ती कशासाठी ते खाली येतंच आहे.

अमेरिकेत ट्रेलरसाठी एसटी (स्पेशल ट्रेलर) लिहिलेले वेगळे टायर मिळतात, ते इथे शोधत बसू नका. जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याखाली गेलीय, कुठून तरी एखाददुसरा मिळाला तरी फुटल्यावर जोडीचा मिळणार नाही. आपल्याकडे उत्तम उपाय म्हणजे छोट्या मालवाहू गाड्यांचे एलटी (लाइट ट्रक) टायर. १८५ आर १४, ८ पीआर (प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा), म्हणजे अशोक लेलँडच्या दोस्त टेम्पोला असतो तो, त्यावर १०२ असतं, म्हणजे एकेक टायर ८५० किलो. पण तुमच्या आत्ताच्या साइजपेक्षा त्याचा व्यास सहा-सात सेंटीमीटरने मोठा आहे, म्हणजे चाक मडगार्डच्या तीनेक सेंटीमीटर जवळ जाणार. ट्रेलर भरलेला असताना खड्ड्यात चाक वर आलं तर घासेल का, हे आधी मोजा. जागा नसेल तर १३ इंची रिम करून १५५ आर १३ एलटी ८ पीआर बसतो का बघा, त्याचा व्यास तुमच्या टायरइतकाच भरतो, त्यावर सहसा ९० असतं, म्हणजे ६०० किलो. माझ्या वजनाला तो बेतास बात, तुमचं कमी असेल तर चांगला. ह्या टायरना हवा जास्त लागते, ६५ पीएसआयपर्यंत, म्हणून रिम तेवढं सोसणारी हवी आणि रबरी व्हॉल्व्ह काढून लोखंडी-पितळी बसवून घ्यायचे. कारच्या सवयीने ३२-३५ भरून सोडलं की टायर तापतो, आणि तापला की गेला. रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) तर चुकूनही नको.

आता ज्यासाठी मुख्य लिहायला घेतलं ते. टायर फुटण्याने आमचं फार गेलं नाही, त्यानंतरच्या विमा ऑफिसने गेलं.

मे महिन्यात भर दुपारी हायवेला, संगमेश्वरच्या अलीकडे, डाव्या टायरची नक्षीची पूर्ण पट्टी सुटली. हवा लगेच गेली नाही, त्यामुळे आमच्या ह्यांना गाडीत काही कळायच्या आतच ती पट्टी चाकाबरोबर फिरत खालून आपटत राहिली, आणि ट्रेलर हलायला लागेपर्यंत फरशीचं प्लाय, सांडपाण्याचा पाइप, मागच्या लाइटची वायरिंग सगळं फाडून मोकळी. (असं झालं तर ब्रेकवर उभे राहू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि हळूहळू कडेला घ्या. ह्यांनी तेच केलं म्हणून सगळे धड आहोत.) टायर काही हजारांचा, दुरुस्ती तेव्हा होण्यासारखी होती. ट्रेलरचा वेगळा विमा होता, तो चालू होता.

विमा ऑफिसने फोनवर सांगितलं, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत काहीही हलवायचं नाही, हात लावायचा नाही. ट्रेलर चिपळूणच्या एका गॅरेजच्या उघड्या अंगणात उभा. सर्व्हेअर आला तो ओढणाऱ्या गाडीचे फोटो काढून गेला, म्हणे ट्रेलर माझ्या कागदावरच नाही. मग नवीन पत्र, मग साहेब रजेवर, मग फाइल दुसऱ्या शाखेत, तिकडे गेलं की म्हणायचे इकडे आलीच नाही. तोवर पाऊस सुरू झाला. चिपळूणचा पाऊस काय असतो ते मी सांगायला नको, वरून ताडपत्री होती पण खालून फरशीच फाटलेली, पाणी उडून उडून आतलं प्लाय फुगलं, कपाटांना बुरशी, गाद्या फेकून द्याव्या लागल्या. दर वेळी विचारलं, शेडमध्ये घेऊ का, दर वेळी उत्तर एकच, ‘हलवलात तर क्लेम जाईल.’ आणि पावसाळा सरत आल्यावर ह्याच लोकांनी मागितलं काय, तर फुटलेला टायर! तो तोवर गॅरेजच्या भंगारात गेलेला, ठेवा असं कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं. टायर कधीचा, क्षमता किती, याचा पुरावा द्या म्हणाले, तर दुकानदाराच्या बिलावर नुसतं ‘टायर २ नग’. शेवटी दोन ओळींचं पत्र आलं, टायर आधीच खराब होता, बाकीचं सगळं परिणामी नुकसान (म्हणजे थेट अपघाताचं नाही, नंतरचं), फाइल बंद.

मला अजून राग येतो तो ह्याचा की पॉलिसीच्या अटींत उलटंच छापलेलं असतं. अपघात झाला की पुढचं नुकसान टाळायला वाजवी काळजी घेणं ही विमेदाराचीच जबाबदारी, गाडी तशीच बेवारस सोडायची नाही. म्हणजे आम्ही छपराखाली घेणं हेच अटीला धरून होतं, आणि टेबलावरचा माणूस त्यालाच धमकी देत होता. त्या कोरड्या टेबलावर बसून ‘थांबा’ म्हणणाऱ्याचं काय जातं, कुजत होतं ते आमचं.

म्हणून, देव करो नि तुमच्यावर वेळ न येवो, पण आली तर त्याच दिवशी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढायचे, त्यात टायरवरचे आकडे दिसले पाहिजेत. मग ईमेल करायचा की आणखी नुकसान होऊ नये म्हणून ट्रेलर अमुक ठिकाणी छपराखाली नेतोय, हरकत असेल तर उद्यापर्यंत लेखी कळवा. आणि न्यायचाच. फोनवरच्या सूचनेला किंमत नाही, लेखी मागितलं की सूर बदलतो. फुटलेला टायर, त्याच्या पट्ट्या, सगळं पोत्यात भरून घरी आणा. हेही माहीत असू दे की साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर त्याचे पैसे मिळतच नाहीत, गाडीचंही नुकसान त्याच वेळी झालं असेल तरच टायरच्या किमतीचे निम्मे. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटणारं नाही तर विमा लोकपालांकडे जायचं, त्याला फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत. कोणी वकील इथे असतील तर दुरुस्त करा, मी आम्ही जे केलं त्यावरून सांगतेय.

आणि टायर घेतानाच बिलावर साइज, लोडचा आकडा, पीआर आणि प्रत्येक टायरची ती चार आकडी तारीख लिहून घ्या. दुकानदार कंटाळा करेल, करू दे, बिल लिहून होईपर्यंत पैसे काढू नका. गोडाऊनमध्ये वर्षानुवर्षं पडलेला माल ट्रेलरवाल्याच्या गळ्यात मारायची हौस असते काही जणांना, सहा महिन्यांपेक्षा जुना दिला तर मी परत करते. दोन्ही चाकं एकदम बदला, एकाच बनावटीची, रेडियल तर दोन्ही रेडियल, आणि स्टेपनी पण त्याच साइजची. स्टेपनी कारची चालेल असं समजू नका, पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप, वेगळं असू शकतं. नवीन चाकं लावल्यावर ५०-१०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे, हे विसरलं तर बाकी सगळं फुकट.

पावसाळ्यात ट्रेलर ठोकळ्यांवर उचलून ठेवा, ते नाही जमलं तर निदान चाकांखाली फळ्या आणि वरून गोणपाट. काळं चकचकीत करणारं तेलकट पॉलिश लावू नका. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, ट्रेलर उतरवू नका, आणि किनाऱ्यावर राहून आलात की चाकं, रिम, व्हॉल्व्ह गोड्या पाण्याने धुवा. बेअरिंगचं ग्रीस पण ह्याच वेळी करून घ्या, चाक निघालेलंच असतं.

वाटेत तुम्हाला दोन फेरीबोटी लागतील, जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, लांब ट्रेलरचं मागचं टोक घासतं आणि टायरची बाजू लोखंडाच्या कडेला लागते, म्हणून भरतीची वेळ विचारून निघा आणि बोटीवरच्या माणसाला आधीच सांगा की मागे ट्रेलर आहे, ते लोक नीट चढवून देतात.

काट्यावर जाऊन आलात की दोन्ही चाकांचे वेगवेगळे आकडे आणि मडगार्डपर्यंतची जागा इथे टाका, १८५ बसतो की १३ इंचीकडे जायचं ते बघू.