मुलांच्या कपाटातली माहितीपर पुस्तके : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ५० पुस्तकांचा 'ज्ञानसंच' ६० टक्के सवलतीत मिळतोय. वाचनालयासाठी घ्यावा का?

न चाळता मुळीच नको. छापील किंमतच फुगवलेली असली की सवलतीला काही अर्थ उरत नाही. विक्रेत्याने निवडलेली नव्हे, तुम्ही सांगाल ती तीन पुस्तके आधी मागवा. एकच मजकूर दोन नावांखाली फिरवलेला दिसला किंवा लेखकाचे नावच नसले, तर संच परत पाठवा.

प्रश्न : देणगीत आलेला तीस वर्षांपूर्वीचा ज्ञानकोश मुलांना द्यावा का?

नको.

प्रश्न : पुस्तकावर 'सातवी आवृत्ती, २०२३' छापले आहे. म्हणजे माहिती ताजी ना?

नाही! हा गैरसमज सतत पत्रांतून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे नुसत्या पुनर्मुद्रणालाही सर्रास 'आवृत्ती' म्हणतात. पहिली आवृत्ती १९९८ची असेल आणि 'सुधारित' हा शब्द कुठे नसेल, तर मजकूरही १९९८चाच धरा. 'सुधारित' असले तरी तपासाच, दहा मिनिटांचे काम आहे. सूर्यमालेत प्लूटोसह नऊ ग्रह असतील, तर २००६नंतर त्या पानाला कोणी हात लावलेला नाही. महाराष्ट्राच्या नकाशात पालघर शोधा. तो जिल्हा ऑगस्ट २०१४मध्ये झाला. भारताची '२८ राज्ये' वाचून मात्र थांबू नका, कारण तेलंगण होण्याआधीही ती २८च होती. तेलंगण वेगळे आणि लडाख केंद्रशासित दाखवले आहे का, ते बघा.

मग सर्पदंशाचे पान उघडा. चीर द्या, रक्त चोखून काढा, वर दोरी घट्ट आवळा, असे काही लिहिले असेल तर पुस्तक त्याच दिवशी कपाटातून काढा. अशा उपायांनी इजा वाढते आणि दवाखान्यात पोहोचायला उशीर होतो. दंश झालेला भाग हलू न देता रुग्णाला ताबडतोब प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे, हे त्या पानावर हवे. ग्रहांची चूक परीक्षेत एक गुण घालवेल, ही चूक मूल घालवेल. 'पुढच्या आवृत्तीत बघू' हे प्रकाशकाचे उत्तर इथे चालवून घेऊ नका. प्रथमोपचाराचे कोणतेही पुस्तक घेण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : चुकीची पुस्तके दाखल नोंदवहीतून कमी कशी करायची?

जिल्ह्याचे नाव बदलले असेल तर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून भागते. बाकीची आधी वाटपातून थांबवा, त्यासाठी परवानगीची वाट पाहू नका. निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदवहीतून पुस्तके रीतसर कमी करण्यासाठी, दाखल क्रमांक, किंमत आणि कारण यांची यादी करून कार्यकारी मंडळापुढे ठेवा. रद्दीत देण्यापूर्वी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात नियम विचारून घ्या.