लाइट परत आले आणि फ्रिज-टीव्ही दोन्ही गेले. नाशिकमध्ये नवीन घेताना काय बघावं, स्टॅबिलायझर लावला की पुरेल का?

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीचा आमचा मे महिना आठवला. इंदिरानगरला वळवाच्या पावसात रात्री लाइट गेले. पहाटे आले तेव्हा स्वयंपाकघरातला बल्ब नेहमीपेक्षा लख्ख पेटला आणि फ्रिजच्या मागून जळका वास यायला लागला. त्याच वेळी समोरच्या वहिनींकडचे दिवे जेमतेम मिणमिणत होते.

म्हणून कळकळीनं सांगते, आज दुकानात जाऊ नका. आधी चांगला वायरमन बोलवा.

एका घरी लख्ख आणि दुसऱ्या घरी मंद, हे न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सुटल्याचं लक्षण. घरात आपल्याला २३० व्होल्ट मिळतात, पण इमारतीत तीन फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या तीन तारा, आलेल्या असतात आणि कुठल्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतं. न्यूट्रल सुटला की हे ४०० व्होल्ट दोन घरांत वाटले जातात, आणि ज्या घरात लोड कमी, म्हणजे कमी वस्तू चालू, त्याच्या वाट्याला जास्त येतात. रात्री आमच्याकडे फक्त फ्रिज, टीव्ही आणि एक बल्ब चालू होता. मीटरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन काळा पडलेला निघाला. तो तसाच राहिला असता तर नवा फ्रिजही असाच गेला असता. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, अशा वेळी वाचवेलच असं नाही. तो जास्त करंटला पडतो, व्होल्टेज वाढल्याचं त्याला कळत नाही.

जुन्या वस्तू लगेच भंगारात देऊ नका. टीव्हीत पुष्कळदा वेरिस्टर (जास्त व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा भाग) आणि फ्यूज एवढंच उडतं; आमचा टीव्ही त्यावरच सुरू झाला. फ्रिज बारा वर्षांचा होता आणि कॉम्प्रेसरच जळला होता, म्हणून तो बदलला.

फ्रिज बघायला कॉलेज रोडवर दोन-तीन दुकानं फिरलो. सगळीकडे आधी स्टार दाखवतात. तुम्ही लेबलवर लिहिलेली वर्षाची युनिट बघा, आणि तुलना सारख्याच लिटरच्या, सारख्याच प्रकारच्या फ्रिजशी करा. लेबल कुठल्या वर्षापर्यंतचं आहे तेही वाचा, कारण निकष मधूनमधून कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच स्टार नव्यात कमी भरू शकतात. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरात असते, तेव्हा फ्रिजमधल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची किती ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत, ही ओळ बारीक अक्षरात असते. टीव्ही घ्यावाच लागला, तर ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, हे भाव करताना लक्षात असू द्या.

आता स्टॅबिलायझर. नेहमीच्या चढ-उताराला तो ठीक आहे, आणि बऱ्याच इन्व्हर्टर फ्रिजना (ज्यांचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो) त्याची गरजही पडत नाही. पण 'स्टॅबिलायझरशिवाय चालतो' याला मर्यादा असते, ती फ्रिजच्या माहितीपत्रकात व्होल्टमध्ये दिलेली असते, आणि ४०० तिच्यात बसत नाही. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो अख्ख्या घराचा पुरवठा तोडतो आणि स्थिर झाल्यावर थोड्या वेळानं जोडतो. किती अँपिअरचा घ्यायचा ते वायरमनला तुमचा लोड बघून ठरवू द्या. माझ्या मते फ्रिजच्या वरच्या मॉडेलपेक्षा हा खर्च आधी करावा.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर अर्थिंग आहे का, हेही बघा. माझ्या मावशीकडे तीन पिनचे सॉकेट होते, पण तिसऱ्या पिनला वायरच नव्हती.

नवा फ्रिज आल्यावर तो तसाही काही तास उभा ठेवायचा असतो. तेवढ्यात वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ हवं, फेज-अर्थिंग जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंग एक-दोन व्होल्ट. हा शेवटचा आकडा मोठा आला, तर त्याचं कारण सापडेपर्यंत फ्रिजचा प्लग लावू नका.