कादंबरी, तिची आई मदिरा आणि ‘बायकी’ हे विशेषण

इंदूरच्या राजेंद्रनगरातून प्रश्न आला आहे. तिथल्या एका वाचनगटात चित्रकथा लिहिणाऱ्या बायकांवर कार्यक्रम व्हायचा आहे. फलकावर ‘चित्रकथालेखिका’ लिहावं, ‘चित्रकथाकार’ लिहावं, की सरळ ‘कॉमिक्स-लेखक’? शिवाय गटातल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं असं, की बायकांचा ओढा ‘बायकी कादंबऱ्यां’कडे असतो, कॉमिक्स हा मुलग्यांचा प्रांत. तर ‘बायकी कादंबरी’ हा शब्दप्रयोग मराठीत बसतो का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हा प्रयोग कानावर आला की मला राहवत नाही. तो बसत नाही. ‘बायकांचा’ आणि ‘बायकी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. बायकांचा डबा, बायकांची सभा, बायकांचं हळदीकुंकू: इथे मालकी किंवा सहभाग आहे. बायकी आवाज, बायकी चाल, बायकी लाजणं: इथे ढंग आहे, आणि हे विशेषण बहुतेक वेळा पुरुषालाच, तेही हिणवण्यासाठी लावलं जातं. कादंबरी बायका वाचत असतील तर ती फार तर ‘बायकांची आवडती’ झाली, ‘बायकी’ कशी होईल? दुसरं असं, की ‘पुरुषी कादंबरी’ हा शब्द कोणी कधी वापरत नाही. हेरकथेला हेरकथा म्हणतात, युद्धकथेला युद्धकथा. पुरुष जे वाचतात त्याची ओळख विषयावरून करायची आणि बायका जे वाचतात त्याची वाचणाऱ्यांवरून, हा दुजाभाव भाषेत असा मुकाट्याने शिरतो.

‘कादंबरी हा शब्दच स्त्रीलिंगी आहे ना!’ असंही सांगितलं जातं. हे तर इंदुरात बसून कोणी म्हणूच नये. मराठीत ‘ती कादंबरी’, हिंदीत ‘वह उपन्यास’ पुल्लिंगी, गुजरातीत ‘नवलकथा’ पुन्हा स्त्रीलिंगी. एकच पुस्तक भाषांतर होऊन मराठीच्या कपाटातून हिंदीच्या कपाटात गेलं की त्याचं लिंग बदलतं, वाचक बदलत नाहीत. खुद्द ‘कॉमिक्स’ शब्द पाहा. पुण्याकडे ‘कॉमिक्स वाचलं’ म्हणतात. हिंदीत ‘कॉमिक्स पढ़ी’, म्हणून इंदूरच्या मराठीत ‘कॉमिक्स वाचली’ सर्रास ऐकू येतं. नपुंसकलिंगी शब्द माळव्यात येऊन स्त्रीलिंगी झाला म्हणून कॉमिक्स मुलींची झाली, असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग कादंबरीलाच हा न्याय का?

आता खरा शब्द. बाणभट्टाची ‘कादंबरी’ ही सातव्या शतकातली, हर्षाच्या दरबारातली कलाकृती, आणि पुढे तिच्याच नावाने मराठीत सगळा वाङ्मयप्रकार ओळखला जाऊ लागला, एवढं शाळेत शिकवतात. त्यापुढचं शिकवत नाहीत. कादंबरी म्हणजे दारू. कदंबापासून झालेली. बलरामासाठी वारुणी कदंबाच्या ढोलीतून स्रवली, अशी पुराणकथा आहे. अमरकोशात मद्याची नावं येतात तिथे ‘गन्धोत्तमाप्रसन्नेराकादम्बर्यः परिस्रुता’ अशी ओळ आहे आणि लगेच पुढची ओळ ‘मदिरा’ या शब्दाने सुरू होते. कादंबरी, मग परिस्रुता, मग मदिरा. आता बाणाची कथा उघडा. नायिका कादंबरी ही गंधर्वराज चित्ररथाची मुलगी, आणि तिच्या आईचं नाव मदिरा! कोशात शेजारी राहणाऱ्या दोन शब्दांना बाणाने मायलेकी करून टाकलं. हे नातं समजल्यावर ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावंसं वाटतं.

बाण ग्रंथ अपुरा ठेवून गेला. तो पुरा करताना त्याच्या मुलाने हाच श्लेष पुढे चालवला: ‘कादम्बरीरसभरेण समस्त एव मत्तो न किंचिदपि चेतयते जनोऽयम्’. कादंबरीच्या रसाने अवघे लोक असे धुंद झाले आहेत, की त्यांना कशाचं भान उरलेलं नाही. ‘समस्त एव जनः’ हे शब्द नीट पाहावेत. धुंदी चढली ती अवघ्यांना. नुसत्या स्त्रियांना चढली असं तो म्हणत नाही.

मालवी वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. या कथेचा नायक चंद्रापीड उज्जयिनीचा राजपुत्र आहे. उज्जैन इंदूरपासून पंचावन्न किलोमीटरवर. कथेची सुरुवात होते ती विदिशेत, वेत्रवतीच्या काठी, शूद्रक राजाच्या दरबारात. ज्या शब्दाला पुण्या-मुंबईचे लोक आपला समजतात, त्याचं माहेर गंधर्वलोकी असलं तरी सासर माळव्यात आहे.

हा शब्द मराठीत टिकला कसा, यावर अभ्यासकांचं ठरलेलं उत्तर ‘बाणाची कीर्ती’ असं असतं. मला ते पुरेसं वाटत नाही. सुबंधूची ‘वासवदत्ता’ही नायिकेच्याच नावाची गद्यकथा आहे. दंडीचं ‘दशकुमारचरित’ तर कथानकाच्या वेगात आजच्या कादंबरीला कितीतरी जवळचं. तरी कोणी ‘मी एक वासवदत्ता वाचली’ म्हणत नाही. शिवाय शब्दाला स्पर्धक होता. १८५७ मध्ये पहिली मराठी कादंबरी मानलं जाणारं बाबा पद्मनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं, आणि १८७२ मध्येही काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी आपल्या निबंधाला नाव दिलं ते ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’. नावल, म्हणजे इंग्रजी ‘नॉव्हेल’! उच्चारायला सोपा, ‘नवल’च्या जवळचा, छापायला सुटसुटीत. तो मागे पडला आणि १९०२ मध्ये इतिहासकार वि. का. राजवाड्यांचा गाजलेला निबंध ‘कादंबरी’ या नावाने आला. माझं मत स्पष्ट आहे: कादंबरी जिंकली ती तिच्यातल्या मद्यार्थाच्या जोरावर. संस्कृत जाणणाऱ्या त्या पिढीला या प्रकाराची धुंदी दिसत होती, तिची भीतीही वाटत होती, आणि दोन्ही सांगणारा शब्द आयता हाताशी होता. शेजारच्या कन्नडनेही हाच शब्द घेतला. नुसत्या कीर्तीने दोन भाषांत एकच शब्द रुजत नाही, अर्थही चपखल असावा लागतो.

‘बाणाची कादंबरी ही शास्त्राप्रमाणे कथा, म्हणून आधुनिक प्रकाराला हा शब्द चुकीचा’ असा आक्षेप शुद्धतावादी अजूनही घेतात. त्यांनी संस्कृत काव्यशास्त्रकारांपैकी भामह वाचलेला असतो, दंडी वाचलेला नसतो. भामह सांगतो, आख्यायिकेत नायक स्वतः आपली हकिगत सांगतो, कथेत दुसरं कोणी सांगतं, म्हणून ते दोन प्रकार. दंडी ‘काव्यादर्शा’त विचारतो, की सांगणारा स्वतः आहे की दुसरा, हा भेद ठरवण्याचा निकष तरी झाला का? आणि निकाल देतो: ‘तत् कथाख्यायिकेत्येका जातिः संज्ञाद्वयाङ्किता’. जात एकच, नावं दोन. सांगणारा कोण यावरून प्रकार बदलत नाही, हे तेराशे वर्षांपूर्वी सांगून झालं आहे. सांगणारी बाई असेल तर प्रकार कसा बदलेल?

व्याख्येतच बायका असलेला एक प्रकार मात्र संस्कृतात आहे: नाटिका. ‘साहित्यदर्पण’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात तिचं लक्षण ‘स्त्रीप्राया चतुरङ्किका’ असं येतं, म्हणजे स्त्रीपात्रं जास्त आणि अंक चार. तिचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण ‘रत्नावली’, आणि ती लिहिली राजा हर्षाने, बाणाच्याच आश्रयदात्याने. मोजल्या त्या मंचावरच्या बायका. लिहिणाऱ्याचा आणि पाहणाऱ्याचा लक्षणात उल्लेख नाही.

आता चित्रकथा. इथे मराठीची एक खोड कामाला येते आणि अडचणही करते, म्हणून जरा तपशिलात जातो. इंग्रजीत ‘मी’चं क्रियापद लिंग सांगत नाही. मराठीत मी गेलो की गेले, जातो की जाते, हे तोंड उघडताच कळतं. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी नायिका यमूच्या तोंडून सांगितली. प्रत्येक ‘मी गेले’, ‘मी रडले’ पुरुषाच्या लेखणीतून उतरलं आणि ते कोणाला खोटं वाटलं नाही. पण मुखवटा घातलेलं पात्र असलेली परकी चित्रकथा मराठीत आणायची झाली, की संवादाच्या पहिल्याच फुग्यात रहस्य फुटतं.

ते टाळता येतं. भविष्यकाळ लिंग सांगत नाही: ‘मी येईन’. सकर्मक भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो: ‘मी तिजोरी फोडली’ कोणीही म्हणू शकतं. ‘मला ठाऊक आहे’, ‘माझ्या लक्षात आलं’ या रचना निर्धोक. ‘आम्ही निघालो’ दोघांनाही चालतं. समोरच्याने त्या पात्राला ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’ न म्हणता ‘तुम्ही आलात’ म्हणावं. धोका अकर्मक भूतकाळात आणि साध्या वर्तमानात: ‘मी पळालो’, ‘मी बघते’. तिथे वाक्यच फिरवावं लागतं, ‘मी पळालो’च्या जागी ‘मी पळ काढला’. बिघडतं ते केव्हा, तर एकटं तेच पात्र असं जपून बोलतं आणि बाकीचे मोकळेपणी. चाणाक्ष वाचक दहाव्या चौकटीत ओळखतो. म्हणून आणखी एक-दोन पात्रांच्या तोंडीही हीच वळणं द्यावीत. फिरवलेलं वाक्य लांबतं, हेही आहे. इंग्रजी फुग्यातली अक्षरं सगळी कॅपिटल, त्यांना वर-खाली काही नसतं. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. चार इंग्रजी ओळींच्या जागेत आपल्या जेमतेम तीन बसतात. शब्द कापताना आधी संबोधनं आणि उद्गार काढावेत, क्रियापदाला हात लावू नये.

लिहिणाऱ्या बायकांनी स्वतःच मुखवटा घातला, हाही इतिहास आहे. अमेरिकन चित्रकथाकार डॅलिया मेसिक यांनी ‘डेल’ हे नाव घेतलं, कारण बाईचं नाव पाहून संपादक चित्रं परत करत. त्यांची ‘ब्रेंडा स्टार’ ही चित्रमालिका १९४० मध्ये सुरू झाली. ‘मिस फ्यूरी’ (१९४१) करणाऱ्या जून टार्पे मिल्स यांनी ‘जून’ गाळून टाकलं. जॉय हमेल १९४४ पासून ‘वंडर वुमन’ लिहीत होत्या, छापलं जाई चार्ल्स मोल्टन हे टोपणनाव. जपानच्या हिरोमू अराकावा यांचं मूळ नाव हिरोमी. ‘हिरोमू’ पुरुषाचं वाटतं. विज्ञानकथेत जेम्स टिप्ट्री यांच्या शैलीत काहीतरी अटळपणे पुरुषी आहे, असं विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी १९७५ मध्ये लिहिलं, आणि दोनच वर्षांनी टिप्ट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन हे उघड झालं. शैलीवरून बाई-पुरुष ओळखता येतात म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावं.

तर फलकाचं. ‘लेखिका’ या रूपाबद्दल एक गैरसमज आहे, की त्यातली ‘-इका’ लघुत्वाची, ‘पुस्तिका’सारखी, म्हणून ते कमीपणाचं. नाही. लेखकाला स्त्रीप्रत्यय ‘आ’ लागला की ‘क’च्या आधीच्या ‘अ’चा ‘इ’ होतो, हा पाणिनीचा नियम (७.३.४४). त्याच नियमाने गायिका, नायिका. नायिका म्हणजे छोटा नायक नव्हे. ‘लेखिका’ निःशंक वापरा.

‘-कार’चं वेगळं. संस्कृतात ‘कुंभकारी’ होतं. मराठीने ते सोडलं आणि चित्रकार, नाटककार, कादंबरीकार दोघांनाही ठेवले. त्यामुळे ‘चित्रकथाकार’ चालतो, आणि लेखन व चित्र दोन्ही सामावून घेतो म्हणून तो जास्त अचूकही आहे. ‘भीमायन’ (२०११) घ्या. बाबासाहेबांचा जन्म तुमच्या महूचा, त्यांच्यावरची ही चित्रकथा. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंतांची. व्याम दांपत्याने माणसांना चौकोनी चौकटीत कोंडायचं नाकारलं आणि भिंती-जमिनीवर काढतात त्या ‘दिग्ना’च्या वळणांनी पान विभागलं. सौम्य बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. इथे दुर्गाबाईंना ‘लेखिका’ म्हणणं चूक, नुसतं ‘चित्रकार’ म्हणणं अपुरं. चित्रकथाकार हाच शब्द.

पण जे म्हणतात ‘-कार’ने सगळा प्रश्न सुटला, त्यांच्याशी माझं पटत नाही. सामान्य शब्द झाकतोही. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या अंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाच्या सर्वोच्च पुरस्कारासाठी तीस नावांची यादी निघाली, त्यात एकही बाई नव्हती; यादीतल्या कित्येकांनी स्वतःची नावं मागे घेतली, तेव्हा संयोजक हलले. मराठीत ही बातमी ‘तीस चित्रकथाकारांची यादी जाहीर’ अशी छापली असती तर वाचकाला काहीच खटकलं नसतं.

म्हणून शीर्षक ‘स्त्री चित्रकथाकार’ असं, दोन शब्द सुटे. ‘महिला कॉमिक्स’ अजिबात नको, त्यात पुन्हा पुस्तकालाच लिंग चिकटतं. प्रत्येकीच्या नावाखाली हुद्दा न देता काम लिहा: ‘लेखन’, ‘चित्रं’, ‘रंग’, ‘अक्षरलेखन’. आणि कपाटावर ‘महिलांसाठी’ अशी पट्टी असेल तर ती कार्यक्रमाच्या आधी काढून तिथे ‘कौटुंबिक’, ‘ऐतिहासिक’, ‘हेरकथा’, ‘चित्रकथा’ अशा विषयाच्या पट्ट्या लावा.