इंजिन बंद पडल्यावर विमान धावपट्टीकडे का वळवू नये?

मुलीने वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी प्रवेश घेतल्यापासून बारामती परिसरातील अपघातांच्या बातम्या आपल्याला अस्वस्थ करत आहेत. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले, तर मागे धावपट्टी असताना प्रशिक्षक समोरच्या शेतात उतरायला का सांगतात, हा आपला प्रश्न आहे. मी अनेक वर्षे हेच शिकवत आलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे सेसना १५२ शेतात कोसळले, तेव्हा एकटीच उड्डाण करणारी शिकाऊ वैमानिक किरकोळ दुखापतींवर बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांत कोसळली आणि डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने) त्या संस्थेची मान्यता स्थगित केली. त्या दोन्ही वेळीही कोणी दगावले नाही. ही विमाने हलकी आणि संथ असतात, त्यामुळे ती आटोक्यात राहून, पंख सरळ ठेवून जमिनीला टेकली, तर आतली माणसे बहुधा वाचतात. जीव जातो तो बहुतेकदा विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) नाकावर आदळल्यामुळे, आणि तशी वेळ मागे वळण्याच्या प्रयत्नात येते.

त्याचे कारण गणितात आहे. सेसना १५२ फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) न उघडता सुमारे ४८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वेगाला स्टॉल होते, म्हणजे पंखांवरून हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. इंजिनाविना तरंगत जाण्याचा तिचा वेग आहे ६० नॉट. उंची राखून ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढून ५७ नॉटवर जातो आणि ६० अंश कलल्यास ४१ टक्क्यांनी वाढून ६८ वर, म्हणजे ज्या वेगाने आपण तरंगत आहोत त्याच्याही वर. शिवाय धावपट्टीच्या रेषेत परत येण्यासाठी १८० अंश पुरत नाहीत, कारण वळताना विमान बाजूला सरकते आणि एकूण वळण अडीचशे अंशांच्या पुढे जाते. उंची संपत आली की घाबरलेला हात स्टिक (नाक वर-खाली करणारा नियंत्रक) मागे ओढतो, पाय रडर (शेपटीचे सुकाणू) दाबून वळण आवळू पाहतो, एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये जाते, म्हणजे गिरक्या घेत खाली येते. स्पिनच्या एका फेरीतून बाहेर येण्यासाठी किमान हजार फूट उंची हाताशी धरावी लागते. सर्किटची, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरावीक फेरीची, पूर्ण उंचीच साधारण तेवढी असते.

माझ्या एका विद्यार्थ्याबरोबर चारशे फुटांवर इंजिनाची शक्ती गेली, तेव्हा त्याने नाक खाली घेण्याऐवजी स्टिक छातीशी ओढली. जमीन जवळ येत असताना नाक खाली दाबणे शरीराला पटतच नाही. पुस्तकात हे त्याला तोंडपाठ होते.

इंजिन का थांबते, याचे एक कारण ऐकून पालक चकित होतात: कार्बोरेटरमध्ये (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात) साचणारा बर्फ. पावसाळ्यातल्या दमट हवेत, बाहेर २५ अंश तापमान असतानाही, आतल्या अरुंद नळीत इंधनाचे बाष्पीभवन आणि हवेच्या दाबातील घट यांमुळे तापमान गोठणबिंदूखाली उतरू शकते. कार्बोरेटर हीटची (त्यात गरम हवा सोडणारी) कळ वेळेवर ओढली, तर यातून बहुधा सुटका होते.

शेत निवडतानाही मुलीला बरेच शिकावे लागेल. सरींना आडवे उतरू नये, सरींच्या दिशेने उतरावे. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधावेत. ओल्या काळ्या मातीत चाके रुततात आणि विमान उलटू शकते, हे जुलैत विशेष लक्षात ठेवावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, ५० ऐवजी ४० नॉट वेगाने जमिनीला टेकल्यास आघाताची ऊर्जा एक तृतीयांशाहून अधिक कमी होते.

प्रशिक्षण संस्थेत गेल्यावर विमाने किती नवी आहेत हे जरूर विचारा, पण त्याआधी हे विचारा की प्रत्येक उड्डाणापूर्वी विद्यार्थी ‘इंजिन गेले तर अमुक उंचीखाली मी वळणार नाही’ असे मोठ्याने म्हणतो का, आणि सोलोला (एकट्याच्या उड्डाणाला) पाठवण्याआधी प्रशिक्षक पूर्वसूचना न देता थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी कळ) मागे ओढून हा सराव किती वेळा करून घेतो.